गोडसे भटजींची साक्ष

1857 सालच्या मार्च महिन्यात, मेरठची छावणी अद्याप शांत असताना, पेणजवळच्या वरसई गावचा विष्णु बाळकृष्ण गोडसे नावाचा तिशीच्या आसपासचा एक भिक्षुक आपल्या रामभट नावाच्या चुलत्याला सोबत घेऊन पायी उत्तर हिंदुस्थानाकडे निघाला. त्याच्या जाण्यास राजकारणाचे काडीइतकेही कारण नव्हते. घर कर्जात बुडालेले, कुटुंब मोठे, आणि कोकणातल्या भिक्षुकीवर सावकाराचे व्याजदेखील निघणे दुरापास्त. अशा स्थितीत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात लक्षावधी रुपयांचा दानधर्म होणार आहे, असे वर्तमान कानी आले, आणि वडिलांच्या ऋणातून मोकळे होण्याचा हा एकच मार्ग दिसतो असे मनाशी ठरवून या तरुणाने घर सोडले. निघताना त्याने मनाशी बाळगलेला हिशेब इतकाच होता की वर्ष-दोन वर्षांत चार पैसे गाठीस बांधून परत यावे आणि येताना आईबापांच्या स्नानासाठी गंगेची कावड आणावी. त्याच्या वाटेत इतिहास आडवा आला, आणि जे पुढे घडले ते ‘माझा प्रवास’ या नावाने मराठी भाषेस कायमचे लाभले.

युद्धाच्या काळात एखाद्या तरुण जीवाने लिहून ठेवलेल्या अनुभवाचा विषय निघाला की आज आपल्या मनात प्रथम अ‍ॅम्स्टरडॅममधील अ‍ॅन फ्रँक या मुलीची दैनंदिनी येते, आणि ते योग्यच आहे. परंतु मराठी वाचकाच्या स्वतःच्या घरात या जातीचा जो ग्रंथ आहे तो गोडसे भटजींचा, आणि तो आपण जितका वाचावा तितका वाचत नाही, ही गोष्ट मला नेहमी खटकते. भिलाईच्या पावर हाउस भागात, जेथे रेल्वेचे रूळ आणि नागपूर-रायपूर हमरस्ता जवळजवळ धावतात आणि जेथे 1955 च्या सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून व अन्य प्रांतांतून आलेली माणसे शेजारी शेजारी संसार करतात, तेथे राहणाऱ्या मराठी माणसास तर या पुस्तकाशी आणखी एक नाते आहे. पोटासाठी मुलूख सोडून दूर गेलेल्या मराठी माणसाने परमुलखातल्या मराठी बिऱ्हाडांत आसरा घेत, त्यांच्या पंक्तीस बसत, त्यांच्या संकटात सापडत लिहिलेली ती हकीकत आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. ‘माझा प्रवास’ ही रोज रात्री दिव्याजवळ बसून लिहिलेली रोजनिशी नव्हे. गोडसे भटजींनी ती परत आल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, मोडी लिपीत लिहून काढली, आणि तीही चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. त्यामुळे तिच्यात तिथ्यांचे घोटाळे आहेत, ऐकीव गोष्टींची सरमिसळ आहे, आणि राणी लक्ष्मीबाईंच्या पूर्वायुष्याविषयी अथवा झाशीच्या जुन्या दरबाराविषयी जे सांगितले आहे त्यातले बरेचसे बाजारात आणि ओसरीवर ऐकलेले आहे. इतिहासकारांनी या त्रुटी दाखविल्या आहेत आणि त्या दाखविणे त्यांचे कर्तव्यच होते. तथापि ज्याने पुस्तक सावकाश वाचले आहे त्यास कोठे भटजी ऐकलेले सांगत आहेत आणि कोठे डोळ्यांनी पाहिलेले, हे तत्काळ कळते. कारण ऐकलेले सांगताना त्यांची वाणी पुराणिकाची होते, आणि पाहिलेले सांगताना तीच वाणी अकस्मात तहान, भूक, पैसा, पाणी आणि पळण्याची वाट यांवर येऊन ठेपते.

महूच्या आसमंतात त्यांना कंपनीच्या पलटणीतले शिपाई भेटले. या भेटीचे वर्णन मी पुष्कळदा वाचले आहे. शिपायांनी या दोघा ब्राह्मणांना चरबी लावलेल्या काडतुसांची कथा सांगितली, आणि त्यापुढे जाऊन असेही सांगितले की सरकारने चौऱ्याऐंशी कलमांचा एक कायदा केला असून त्यायोगे सर्वांचा धर्म बुडविण्याचा घाट घातला आहे. असा कायदा सरकारच्या कोणत्याही दफ्तरात नव्हता. परंतु छावणी पेटण्यापूर्वी माणसांच्या मनात काय शिजत होते, कोणती भीती एका कानातून दुसऱ्या कानात जात होती, याचा पुरावा सरकारी दफ्तर देऊ शकत नाही. तो दिला एका वाटसरूने, ज्याला त्या बातमीपेक्षा पुढचा मुक्काम सुखरूप गाठण्याची अधिक चिंता होती. चुलत्या-पुतण्यांपुढे परत फिरण्याचा मार्ग होता. ते फिरले नाहीत. घरी रिकाम्या हाताने जाऊन सावकारापुढे उभे राहण्यापेक्षा बंडाच्या मुलखातून पुढे जाणे त्यांना कमी दुःसह वाटले असावे, आणि दारिद्र्याची ही बळजोरी सबंध पुस्तकाच्या पाठीशी उभी आहे.

मथुरेचा यज्ञ अर्थातच झाला नाही. यज्ञासाठी निघालेले हे ब्राह्मण ग्वाल्हेरास गेले, आणि पुढे दक्षिणेच्या आशेने झाशीस पोहोचले, तेव्हा झाशीत राणी लक्ष्मीबाईंचा अंमल चालू होता. या ठिकाणी पुस्तकाची गती मंदावते, आणि ती मंदावली हे वाचकाचे भाग्य. राणीचा दिनक्रम, तिचा पोशाख, घोड्यांची तिची पारख, तिचा व्यायाम, तिची पूजाअर्चा हे सर्व भटजी अशा बारकाईने सांगतात की पुढच्या सर्व चरित्रकारांना त्यांच्याच शिदोरीवर चालावे लागले. महालक्ष्मीच्या दर्शनास जाताना थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्यांचा जमाव राणीच्या दृष्टीस पडतो, आणि त्या सर्वांस टोपी, आंगरखा आणि घोंगडी वाटण्याची आज्ञा होते. हा प्रसंग सांगताना भटजींच्या मनात राणीविषयी जो आदर दाटून येतो तो पराक्रमाच्या वर्णनांत येतो त्याहून अधिक खरा आहे. जो माणूस स्वतः दानावर जगतो त्याला दान देणाऱ्या हाताची पारख असते. तलवारीची पारख त्याला नव्हती आणि तसा आव त्याने आणला नाही.

मग 1858 चा मार्च उजाडला. सर ह्यू रोज याची फौज झाशीसमोर येऊन उभी राहिली आणि वेढा पडला. चैत्र महिना होता. बाहेर मोर्चे बांधले जात असताना आत वाड्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू होत होते, आणि शहरातल्या बायका नटूनथटून त्यास गेल्या होत्या. हे वाचून आजच्या माणसास नवल वाटेल. परंतु वेढ्यात सापडलेल्या शहराचे जगणे असेच असते, तिथी चुकविता येत नाही आणि तोफाही थांबविता येत नाहीत. बेटवेच्या काठी 1 एप्रिल रोजी तात्या टोपे यांचा पराभव झाला, मदतीची आशा संपली, आणि 3 एप्रिल रोजी इंग्रजी फौज तटावरून शहरात उतरली. राणी किल्ल्यातून रात्रीच्या अंधारात निघून गेली. भिक्षुक मागे राहिला, यजमानाच्या घरात, दारे लावून, बायकामुलांच्या घोळक्यात.

शहरात त्यानंतर जे झाले त्यास भटजी बिजन म्हणतात, म्हणजे सरसकट कत्तल. दिवसा गोरे शिपाई घरांत शिरून पुरुषांस मारीत, पेठा जळत होत्या, आणि प्रेतांच्या दुर्गंधीने रस्त्यांवरून चालणे अशक्य झाले होते. कत्तल थांबली आणि लूट सुरू झाली, आणि त्या लुटीचे वर्णन भटजी जवळजवळ जप्तीच्या यादीसारखे करतात: आधी सोनेनाणे आणि जडजवाहीर, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, आणि सरतेशेवटी घराघरांतले धान्य. घर कसे पायरीपायरीने रिकामे होते हे ज्याने घरात लपून पाहिले असेल त्यालाच हा अनुक्रम सुचेल. दाराशी कोण येतो, तो कशावर समाधान मानून परत जातो, त्याच्या हातात काय ठेवले असता जीव वाचतो, याकडे घरातल्या सर्वांचे प्राण लागलेले आहेत. मजल दरमजल करीत जमविलेली दक्षिणेची पुंजी भटजींनी अशाच रीतीने गमावली. आणि पुढेही ती जमली की कोणी ना कोणी हिरावून नेली.

त्या विध्वंसात झाशीच्या संस्थानचे ग्रंथालयही गेले. अनेक शास्त्रांची दुर्मीळ हस्तलिखिते तेथे निगुतीने जपलेली होती, आणि काशीच्या पंडितांनादेखील एखादी पोथी हवी झाली तर तिची नक्कल तेथून करून न्यावी लागे, असा त्याचा लौकिक होता. शिपायांनी पोथ्यांची वेष्टने सोडविली, बांधण्याचे रुमाल आणि फळ्या उपयोगाच्या म्हणून घेतल्या आणि पाने वाऱ्यावर सोडली. माणसांच्या कत्तलीनंतर पोथ्यांचे दुःख करीत बसावे हे कोणाला अप्रस्तुत वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या गृहस्थाने लहानपणापासून पाठांतरावर आयुष्य काढले, ज्याच्या विद्येचे मूल्य वरसईसारख्या खेड्यात शिधा आणि चार आण्यांपलीकडे नव्हते, त्याला ते ग्रंथालय म्हणजे आपल्या जातीच्या श्रमांचा साठा वाटला असणार. आणि त्या पानांची झालेली दैना सांगताना त्याच्या लेखणीला जो कंप सुटतो तो मी तरी मराठी गद्यात फार थोड्या ठिकाणी अनुभवला आहे. सेनापती रोज याच्या खलित्यात किती तोफा हस्तगत झाल्या याचा तपशील असतो. किती पोथ्या गेल्या, याचा तपशील ठेवणारा दुसरा कोणी नव्हता.

झाशीतून सुटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी पहाटे राणीची आणि त्यांची पुन्हा गाठ पडली, हा प्रसंग महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु तो मूळ पुस्तकात वाचला असता त्याचे स्वरूप निराळे दिसते. भटजी दोरीने पाणी शेंदीत आहेत. चार-पाच घोडेस्वार येतात. त्यांत पठाणी वेष केलेली, धुळीने माखलेली, तहानेने आणि श्रमाने तोंड लाल झालेली राणी आहे. ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये म्हणून ती त्यांच्या हातातली दोरी घेते, स्वतः पाणी काढते, आणि पिऊन झाल्यावर आपल्यासारख्या विधवेस अर्ध्या शेर तांदळापलीकडे काय लागणार होते, धर्मासाठी हे सारे केले आणि पदरी यश आले नाही, अशा अर्थाचे काही बोलून निघून जाते. यापेक्षा अधिक काही घडत नाही. भटजी त्यावर भाष्य करीत नाहीत, वीररसाचा एकही अलंकार चढवीत नाहीत. पुढे 18 जूनच्या सुमारास ग्वाल्हेरजवळ ती धारातीर्थी पडली, तेव्हा तिचे मरण लिहिणारे इंग्रज आणि देशी लेखक पुष्कळ झाले. तिची तहान लिहिणारा मात्र हा एकच.

यानंतर चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी अशी ठिकाणे पुस्तकात येतात आणि जातात, कोठे अनुष्ठान मिळते, कोठे चोर गाठतात, कोठे यजमान भला निघतो. हा भाग मी येथे विस्ताराने सांगत नाही. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन हा माणूस वरसईस परत आला, आईबापांना गंगोदकाचे स्नान घातले, आणि कर्ज होते तसेच राहिले. ज्या कारणासाठी तो गेला होता ते अर्धेच सिद्धीस गेले, आणि ज्याची त्याला कल्पनाही नव्हती ते त्याच्या हातून घडले.

आता ग्रंथाच्या प्रकाशनाची हकीकत पाहिली असता अ‍ॅन फ्रँकच्या दैनंदिनीशी त्याचे एक विलक्षण साम्य दृष्टीस पडते. अ‍ॅनला ती वही 12 जून 1942 रोजी, तेराव्या वाढदिवशी मिळाली. महिनाभरात तिच्या कुटुंबाला लपून बसावे लागले. आणि 28 मार्च 1944 रोजी लंडनमधल्या परागंदा डच सरकारच्या मंत्र्याने नभोवाणीवरून जनतेने आपली पत्रे व रोजनिश्या जपून ठेवाव्यात असे आवाहन केले, तेव्हा त्या मुलीने आपली दैनंदिनी प्रसिद्धीसाठी पुन्हा लिहावयास घेतली. 4 ऑगस्ट रोजी ती पकडली गेली, आणि 1945 च्या प्रारंभी बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत तिचा अंत झाला. तिचे वडील ऑटो फ्रँक यांनी 1947 साली तो ग्रंथ छापला तो काही मजकूर गाळून. पूर्ण पाठ अभ्यासकांच्या हाती यावयास पुढे जवळजवळ चाळीस वर्षे गेली. गोडसे भटजींचेही तसेच झाले. ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीशाचे काम केलेल्या आणि महाभारताचे अभ्यासक म्हणून मान्यता पावलेल्या वैद्यांनी 1907 साली, बंडास पन्नास वर्षे होत असताना, हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण काळ परसत्तेचा होता, शिष्टाचाराच्या कल्पना निराळ्या होत्या, म्हणून त्यांनी भाषेवर हात फिरविला, काही भाग गाळला, काही बदलला. मूळ मोडी हस्तलिखित मात्र त्यांनी नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली मूळ पाठ प्रसिद्ध केला.

दोन्ही ठिकाणी थोर अंतःकरणाच्या वडीलधाऱ्या माणसाने एका साक्षीदाराचे शब्द जगापुढे आणले, आणि दोन्ही ठिकाणी त्या शब्दांना त्याने थोडेसे सावरून, नेटके करून आणले. यात मी दोष देत नाही. वैद्य नसते तर गोडसे भटजी वरसईच्या घरी एक अनामिक भिक्षुक म्हणूनच संपले असते. परंतु आज निवड करावयाची झाल्यास मी पोतदारांचा पाठ हाती घ्यावा असेच सांगेन. त्यातले वाक्य कधी अडखळते, एकच गोष्ट दोनदा येते, कोकणातल्या घरगुती बोलीचा उच्चार मध्येच कानी पडतो. आणि नेमक्या त्याच ठिकाणी त्या माणसाचा श्वास ऐकू येतो.

तरुणांच्या युद्धकालीन लेखनाची ही परंपरा आपल्या देशात तेथेच संपलेली नाही. जपानातल्या कोबे येथे जन्मलेल्या आणि वाढलेल्या भारती ऊर्फ आशा सहाय या मुलीने दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, जपानी भाषेत दैनंदिनी लिहिली, आणि पुढे ती नेताजींच्या आझाद हिंद सेनेतील झाशीची राणी पलटणीत दाखल झाली. ज्या राणीला भटजींनी विहिरीवर पाहिले तिच्याच नावाची पलटण, पाऊणशेहून अधिक वर्षांनंतर, आणि तिच्यात जाणारी मुलगी पुन्हा लिहून ठेवणारी. हा योगायोग असला तरी मनास धीर देणारा आहे.

आता आमच्या या मुलखाकडे वळतो. छत्तीसगडात मराठी अंमल नागपूरकर भोसल्यांच्या रूपाने आला. 1741 साली भास्करपंत कोल्हटकरांची स्वारी या वाटेने गेली. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. त्यांच्यामागून सुभे आणि कमाविसदार आले, आणि त्यांच्याबरोबर कारकून, पुराणिक, वैद्य, आचारी अशी मराठी कुटुंबे रायपूर-रतनपूरच्या बाजूस वसली. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी सत्तावनचे वादळ याही प्रांतावरून गेले. दुष्काळात उपाशी रयतेसाठी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडणारे सोनाखानचे जमीनदार नारायण सिंह यांना 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात फाशी देण्यात आले. आणि 18 जानेवारी 1858 रोजी रायपूरच्या पलटणीतील हनुमान सिंह याने सिडवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास ठार केले, त्याच्या सतरा साथीदारांना चारच दिवसांनी, 22 जानेवारीस, फासावर चढविण्यात आले. झाशीवर तोफा डागल्या जाण्यास तेव्हा जेमतेम दोन महिने होते.

या घटना आपल्यापर्यंत आल्या त्या प्रामुख्याने कंपनीच्या कचेरीतील कागदांतून आणि लोकांच्या तोंडून. कागदांत आरोप, पकड आणि शिक्षा यांच्या तारखा आहेत. लोकांच्या तोंडी पराक्रम आहे. परंतु त्या डिसेंबरात रायपूरच्या बाजारात तांदळाचा भाव काय होता, फाशीच्या दिवशी दुकाने उघडली की नाही, भोसल्यांच्या वेळेपासून तेथे नांदणाऱ्या घरांनी आपली दारे कधी लावली आणि कधी उघडली, हे सांगणारी जबानी त्यांत सापडत नाही. गोडसे भटजींनी झाशीच्या बाबतीत हेच नेमके सांगून ठेवले, आणि म्हणून झाशीचा वेढा आपल्याला आपल्या नातलगांवर आल्यासारखा वाटतो, तर रायपूरची ती सकाळ पाठ्यपुस्तकातील एक तारीख होऊन राहते. दोन्हींत भेद घटनेच्या थोरवीचा नाही, शेजारी लिहिणारा कोणी होता की नव्हता, एवढाच आहे.

म्हणून पावर हाउसच्या, दुर्गच्या, राजनांदगावच्या, रायपूर-बिलासपूर-रतनपूरच्या मराठी घरांना माझी एक विनंती आहे. ‘माझा प्रवास’ घरात आणावा आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आणि वडिलोपार्जित ट्रंकेत मोडीतल्या वह्या, पंचांगाच्या कडेला लिहिलेली टिपणे, सैन्यात गेलेल्या भावाची पत्रे, कारखान्याच्या पहिल्या वर्षांत आलेल्या आजोबांची रोजनिशी असे काहीही असेल तर ते रद्दीवाल्यास देण्यापूर्वी मोडी वाचता येणाऱ्या जाणकारास दाखवावे, त्याची नक्कल करून ठेवावी, आणि मूळ कागद भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेत रुजू करावा. वैद्यांनी एक हस्तलिखित तेथे ठेवले होते, म्हणूनच 1966 साली ते पोतदारांच्या हाती लागले.